बोटीवरच्या माणसाला चाच्यांनी धरलं तर? खंडणीचा व्यवहार कसा चालतो आणि घरच्यांनी काय करायचं

एप्रिल २०११ मध्ये सोमालियाच्या चाच्यांनी 'अस्फाल्ट व्हेंचर' नावाची बोट सोडली. डांबर वाहून नेणारी बोट, वर सगळे १५ जण भारतीय, सप्टेंबर २०१० पासून अडकलेले. खंडणी पोचली होती, ठरल्याप्रमाणे बोट निघाली, पण वर माणसं होती फक्त आठ. उरलेल्या सात जणांना चाच्यांनी उतरवून किनाऱ्यावर नेलं, कारण त्यांचं म्हणणं असं की आमची शंभरावर माणसं तुमच्या नेव्हीने पकडून मुंबईला नेलीत, ती सोडा मग हे सात मिळतील. ते सात जण सुटले ऑक्टोबर २०१४ च्या शेवटी. पकडल्यापासून चार वर्षं.

आता जरा विचार करा की त्या सात घरांमध्ये एप्रिल २०११ च्या त्या दिवशी काय झालं असेल, पैसे पोचले, बोट सुटली अशी बातमी आली आणि आपला माणूस त्यात नाही. मी हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की खंडणी म्हणजे पैसे दिले आणि माणूस आला एवढं सरळ नसतं. माझा मामेभाऊ बोटीवर आहे, आमच्याकडे दापोली-खेडपासून खाली श्रीवर्धन-म्हसळ्यापर्यंत कितीतरी घरांतनं कोणीतरी बोटीवर असतंच, गोव्यात तर अशा माणसाला तारवटी हा खास शब्दच आहे, आणि तरी घरच्यांना या विषयातलं काहीच माहीत नसतं. बोलणंच टाळतात. "अभद्र बोलू नको" म्हणून मामी मला गप्प करते. पण माहिती असणं हे अभद्र नाहीये, म्हणून जेवढं मला नीट समजलंय तेवढं सोप्या भाषेत लिहितोय.

आधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या, सगळीकडचं अपहरण एकसारखं नसतं. समुद्रावर दोन मोठे प्रकार आहेत आणि दोन्हींचा हिशोब पूर्ण वेगळा आहे.

सोमालियाचा प्रकार म्हणजे अख्खी बोट पळवायची. बोट, आतला माल, माणसं, सगळं नेऊन आपल्या किनाऱ्यासमोर नांगर टाकून ठेवायचं आणि महिनोन्महिने बोलणी करत बसायची. हे त्यांना जमलं कारण तिथे अडवणारं सरकारच धड नव्हतं, बोट किनाऱ्यावरनं दिसत असली तरी हात लावणारं कोणी नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये त्यांनी 'सिरियस स्टार' नावाचा महाकाय तेलाचा टँकर धरला, त्यात सुमारे २० लाख बॅरल तेल होतं, आणि जानेवारी २००९ मध्ये खंडणीची रोकड पॅराशूटने खाली टाकली तेव्हा तो सुटला. वर्ल्ड बँकेने २०१३ साली एक अभ्यास काढला त्यात २००५ ते २०१२ या काळात या भागात मिळून ३३.९ ते ४१.३ कोटी डॉलर खंडणी गेल्याचा अंदाज आहे.

दुसरा प्रकार पश्चिम आफ्रिकेचा, म्हणजे नायजेरिया आणि आजूबाजूचं गिनीचं आखात. तिथे बोट नेत नाहीत. स्पीडबोटीतनं येतात, शिडी लावून चढतात, माणसं उचलतात आणि नायजर नदीच्या मुखाजवळच्या खारफुटीच्या खाड्यांमध्ये घेऊन जातात, बोट तिथेच सोडून. ३ डिसेंबर २०१९ ला बॉनी बेटाजवळ 'नेव्ह कॉन्स्टेलेशन' टँकरवरनं १९ जण उचलले, त्यातले १८ भारतीय. ते तीन आठवड्यांच्या आत सुटले. पण ते खाडीत असतानाच, १५ डिसेंबरला 'ड्यूक' नावाच्या टँकरवरनं २० भारतीय उचलले, आणि त्यातला एक जण कैदेतच वारला, बाकीचे १९ जानेवारीत परतले. पुढच्या वर्षी, २०२० मध्ये, जगभरात मिळून १३५ खलाशी पळवले गेले आणि त्यातले १३० या एकट्या आखातातले. नंतर आकडे बरेच उतरले, पण संपलं नाही, मार्च २०२५ मध्ये 'बिटू रिव्हर' टँकरवरनं दहा जण नेले त्यात सात भारतीय होते.

आता हिशोब बघा. सोमालियात चाच्यांच्या हातात बोट आणि माल दोन्ही, म्हणजे कोट्यवधी डॉलरची वस्तू, त्यामुळे मागणी प्रचंड आणि वेळ प्रचंड. पण त्याच कारणाने पैसे उभे करायलाही जास्त लोक असतात, कारण समुद्री व्यवहारात एक जुना नियम आहे की बोट आणि माल वाचवायला जो खर्च झाला तो बोटीचा मालक आणि मालाचे मालक यांनी वाटून घ्यायचा, आणि खंडणी त्या खर्चात धरता येते. नायजेरियात फक्त माणसं असतात. त्यामुळे रक्कम तुलनेने लहान, सुटका लवकर, पण माणसं दलदलीत, मच्छरांत, मलेरियात, गढूळ पाण्यावर. दोन-चार आठवडे ऐकायला कमी वाटतात पण ज्याला शुगर किंवा बीपीची गोळी रोज लागते त्याच्यासाठी ते कमी नाहीत.

मग बोलणी कोण करतं? इथे लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज असतो. सरकार चाच्यांशी सौदा करत नाही आणि खंडणी देत नाही, ही भारताची भूमिका आहे. सरकार पाठपुरावा करतं, त्या देशाच्या सरकारशी बोलतं, नेव्ही पाठवतं, मुंबईत डीजी शिपिंगचं, म्हणजे जहाजवाहतूक बघणाऱ्या सरकारी खात्याचं, ऑफिस कंपनीवर दबाव ठेवतं. पण फोनवर आकडा बोलणारा माणूस असतो कंपनीचा, आणि त्याच्या बाजूला बहुतेक वेळा विमा कंपनीने दिलेला अनुभवी सल्लागार बसलेला असतो.

हा विमा वेगळाच असतो, अपहरण आणि खंडणीचा. लंडनच्या लॉइड्स बाजारात तो १९३२ मध्ये अमेरिकेत लिंडबर्ग या प्रसिद्ध वैमानिकाच्या बाळाचं अपहरण झालं त्यानंतर सुरू झाला. यात पैसे आधी कंपनी देते आणि मग विमा कंपनी ते भरून देते. आणि अशी पॉलिसी आहे हे गुप्त ठेवायचं अशी अटच असते, कारण बाहेर कळलं की भाव वाढतो. म्हणून तुम्ही कंपनीला "आमचा खंडणीचा विमा आहे का" असं विचारलंत आणि त्यांनी सरळ उत्तर दिलं नाही तर लगेच त्यांना खोटारडे समजू नका, त्यांना सांगता येत नाही.

आता लोक म्हणतात, एवढा विमा आहे तर मागतात तेवढे देऊन टाका ना, माणसं सोडवा. मलाही आधी असंच वाटायचं. पण बाजारातलं उदाहरण घ्या, विकणाऱ्याने हजार सांगितले आणि तुम्ही लगेच खिशात हात घातलात तर त्याच्या मनात पहिलं काय येईल, अरे आपण कमी सांगितले. इथेही तेच होतं, पटकन भरपूर दिलं तर खिसा मोठा आहे असं वाटून दुसरी मागणी येते, हे पहिले झाले आता परत द्या. म्हणून सल्लागार आकडा हळूहळू वाढवतात आणि दर वेळची वाढ आधीच्यापेक्षा कमी ठेवतात, म्हणजे समोरच्याला आपोआप समजतं की लिंबू पिळून झालंय, आता यातनं थेंबच निघणार. याला वेळ लागतो, आणि घरच्यांना वाटतं कंपनी मुद्दाम चालढकल करतेय. कधी कधी खरंच करत असते, ते पुढे सांगतो, पण नुसता वेळ लागतोय म्हणून कंपनी वाईट असं नसतं.

दुसरी गोष्ट म्हणजे जिवंत असल्याचा पुरावा. पैशाचं बोलणं पुढे न्यायच्या आधी विचारतात की अमुक माणसाला विचारा, लहानपणी घरी जी गाय होती तिचं नाव काय. उत्तर बरोबर आलं तर दोन गोष्टी कळतात, माणूस जिवंत आहे आणि फोनवरचा माणूस खरंच त्याच्यापर्यंत पोचू शकतो. ही दुसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे कारण बातमी आली की मधले दलाल, फसवे लोक फोन करायला लागतात, माझी ओळख आहे, एवढे पाठवा मी सोडवतो. आणि हल्ली आवाजाची नक्कल करणंही अवघड राहिलं नाही, त्यामुळे नुसता रडण्याचा आवाज ऐकून काही मानू नका.

आणि घरी फोन येतो. हे सोमालियात खूप वेळा झालंय, चाचे मुद्दाम खलाशाला घरी फोन लावून देतात, मागे गोळीबाराचे आवाज करतात, कारण त्यांना माहीत असतं की बायको-आई रडत टीव्हीवर गेली की कंपनीवर प्रेशर येणार. अशा फोनवर काय करायचं हे मी मामीला समजावून सांगितलं, तिला आवडलं नाही तरी सांगितलं. शांतपणे ऐकायचं, नंबर, तारीख, वेळ, काय बोलले, मागे काय आवाज होते ते सगळं लिहून ठेवायचं, आपल्या माणसाला धीर द्यायचा की आम्ही ठीक आहोत, कंपनी काम करतेय. आकडा मात्र बोलायचा नाही. "जमीन विकतो पण त्याला सोडा" हे वाक्य तोंडात येणारच, आईच्या तोंडात तर पहिलं तेच येणार, पण ते बोललं की चाच्यांना कळतं की कंपनीशिवाय अजून एक खिसा आहे, आणि मग दोन ठिकाणी बोलणी चालू होतात आणि दोन्ही बिघडतात. शक्यतो घरातला एकच माणूस फोन घेईल असं ठरवून टाका, जो कमी घाबरतो तो.

आता कंपनीचं. माझ्या मते या सगळ्या विषयात सगळ्यात जास्त फरक या एका गोष्टीने पडतो आणि तिच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. सप्टेंबर २००८ मध्ये 'स्टोल्ट व्हेलर' नावाचा केमिकल टँकर धरला गेला, २२ पैकी १८ भारतीय, तो साधारण दोन महिन्यांत सुटला. मार्च २०१० मध्ये 'आइसबर्ग १' धरली गेली, तिच्यावरही भारतीय होते, आणि ती सुटायला डिसेंबर २०१२ उजाडला, तेही खंडणीने नाही, सोमालियाच्या पुंटलँड भागातल्या फौजेने चढाई केली तेव्हा. जवळजवळ हजार दिवस. एका खलाशाने मध्येच जीव दिला. समुद्र तोच होता, चाचेही त्याच धंद्यातले, पण ज्या बोटीमागे पैसा आणि विमा असलेला मालक उभा असतो तिचे खलाशी कधीतरी टेबलावरच्या सौद्यात येतात, आणि जिथे मालकच गायब होतो तिथे सौदा करायला समोर कोणी नसतंच.

म्हणून सही करायच्या आधी विचारायचं. एजंटकडे डीजी शिपिंगचं आरपीएसएल लायसन्स, म्हणजे खलाशी भरती करायचा परवाना, आहे का, ते चालू आहे का, हे डीजी शिपिंगच्या वेबसाइटवर बघता येतं. नोकरी लावून द्यायचे पैसे खलाशाकडनं घ्यायला परवानगी नाही, जो दोन-तीन लाख मागतो तो त्याच क्षणी बाद. माझ्या भावाकडे पहिल्या वेळी एका एजंटने असेच पैसे मागितले होते आणि बोटीचं नावही शेवटपर्यंत सांगत नव्हता, आम्ही नाही म्हटलं तेव्हा मामाला वाटलं पोराची संधी घालवली. बोटीचं नाव आणि आयएमओ नंबर मागा, तो नंबर बोटीचं नाव बदललं तरी बदलत नाही, त्यावरनं बोट किती जुनी, मालक कोण, आधी कुठे खलाशी वाऱ्यावर सोडले होते का, हे शोधता येतं. युनियनला विचारा, मुंबईत नुसी आहे, एमयूआय आहे, त्यांना या गोष्टी ठाऊक असतात.

आणि कराराचा कागद वाचा. एक चांगली सुधारणा झालीय जी फार लोकांना माहीत नाही. खलाशांसाठी एमएलसी नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे, भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला. त्यात २६ डिसेंबर २०२० पासून स्पष्ट लिहिलंय की खलाशी चाच्यांच्या कैदेत असेल तर त्याचा नोकरीचा करार चालूच राहतो, मुदत संपली तरी, आणि तो सुटून घरी पोचेपर्यंत पूर्ण पगार द्यायचा, घरी जो हप्ता जातो तोसुद्धा. आधी काही मालक सरळ म्हणायचे, करार संपला, पगार बंद. विचार करा, माणूस कैदेत आणि घरात पोरांची फी भरायला पैसे नाहीत. तर आता तसं करता येत नाही, आणि कोणी केलं तर कोणत्या नियमाने भांडायचं ते घरच्यांना माहीत पाहिजे.

त्याचबरोबर, जर करार आंतरराष्ट्रीय युनियनच्या पद्धतीचा असेल तर ठरावीक धोक्याच्या भागात जायला नाही म्हणायचा हक्क असतो, कंपनीच्या खर्चाने परत यायचं, आणि गेलात तर जादा पैसे. पण हे सगळ्या करारांत नसतं, म्हणून आपल्या करारात आहे का ते आधीच बघायचं, बोट तिथे पोचल्यावर विचारून उपयोग नाही.

बोटीवर काय करतात ते थोडक्यात सांगतो कारण ते भावाचं काम आहे, माझं नाही, त्याला ट्रेनिंग असतं. कठड्याला काटेरी तार लावतात, पाण्याचे जोरदार फवारे चालू ठेवतात, रात्री जास्तीची माणसं पहाऱ्याला लावतात, शक्य तेवढ्या वेगाने जातात कारण १८ नॉटच्या (ताशी सुमारे ३३ किलोमीटरच्या) वर धावणाऱ्या बोटीवर चढणं फार कठीण, आणि त्या भागातनं जाताना नेव्हीच्या केंद्रांना आपली जागा कळवत राहतात. शेवटचा उपाय म्हणजे सिटाडेल, बोटीच्या आतली एक मजबूत खोली, जिथे सगळे जण कोंडून घेतात आणि बाहेरच्याला इंजिन चालवता येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये 'लीला नॉरफोक' बोटीवर चाचे चढले तेव्हा १५ भारतीयांसह २१ जण असेच आत होते, आपल्या नेव्हीची युद्धनौका आयएनएस चेन्नई पोचली, नेव्हीचे मार्कोस कमांडो चढले आणि सगळे सुखरूप निघाले. पण ही खोली तेव्हाच कामाला येते जेव्हा एकूण एक माणूस आत असतो, कारण एकजण जरी बाहेर चाच्यांच्या हातात राहिला तरी कमांडो चढाई करू शकत नाहीत, आणि मदत वेळेवर पोचली पाहिजे. २०११ मध्ये 'बेलुगा नॉमिनेशन'चे लोक आत बसले होते, दोन दिवस कोणी पोचलं नाही आणि चाच्यांनी कापून रस्ता काढला.

सोमालिया संपलं असं सगळ्यांना वाटायला लागलं होतं, जानेवारी २०२३ पासून हिंदी महासागरातला तो 'अति धोक्याचा भाग' नकाशावरनं काढलासुद्धा. आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सोमालियाच्या चाच्यांनी 'रुएन' नावाची बोट पळवली. तिला मार्च २०२४ मध्ये आपल्या नेव्हीने सोडवलं, भारताच्या किनाऱ्यापासून सुमारे २६०० किलोमीटरवर, ४० तास, विमानातनं कमांडो समुद्रात उतरवून, १७ खलाशी सुटले आणि ३५ चाचे मुंबईला आणले. मला याचा मनापासून अभिमान वाटतो. आता आपल्याकडे २०२२ चा चाचेगिरीविरोधी कायदाही आहे, २०११ मध्ये चाचे मुंबईत आणले तेव्हा खास कायदाच नव्हता. पण अस्फाल्ट व्हेंचरच्या त्या सात घरांची आठवणही माझ्या मनातनं जात नाही. तिकडे कारवाई झाली की इकडे कैदेत असलेल्यांवर राग निघू शकतो, हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

जमिनीवर काम करणाऱ्यांचं थोडं वेगळं. जुलै २०२५ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात कायेस भागातल्या सिमेंट कारखान्यातनं तीन भारतीय नेले, त्याच महिन्यात शेजारच्या नायजर देशात दोघा भारतीयांना मारलं आणि एकाला पळवलं. तिथे समोर नुसते लुटारू नसतात, दहशतवादी गट असतात, आणि मग पैशाचा रस्ताच अडतो. हा विमा लंडनच्या बाजारातला, म्हणून तिथला कायदा बघावा लागतो. नुसत्या चाच्यांना खंडणी देणं इंग्लंडच्या कायद्यात गुन्हा नाही, तिथल्या अपील कोर्टाने २०११ मध्येच तसं म्हटलंय, पण दहशतवादी गटाला दिलेले पैसे विमा कंपनीने भरून देणं तिथे २०१५ पासून गुन्हा आहे. २०१८ मध्ये अफगाणिस्तानात बगलान भागात वीज प्रकल्पावरचे सात भारतीय नेले होते, ते टप्प्याटप्प्याने सुटत गेले आणि त्याला वर्षं लागली. अशा देशात नोकरी आली तर राहायची जागा कोणती, साइटवर जाता-येता गाडीबरोबर गार्ड असतात का, संकटात बाहेर काढायची सोय काय, हे इंटरव्ह्यूतच विचारा, आणि पोचल्यावर भारतीय दूतावासात नाव नोंदवा.

आणि एक प्रकार असा की नोकरीच खोटी असते. मे २०२५ मध्ये पंजाबातले तीन तरुण ऑस्ट्रेलियाला जायचं म्हणून तेहरानला उतरले आणि तिथेच पळवले गेले, घरी खंडणीचे फोन आले, जूनमध्ये इराणी पोलिसांनी सोडवलं. सप्टेंबरमध्ये परराष्ट्र मंत्रालयाला जाहीर सूचना काढावी लागली की व्हिसाशिवाय इराणला जाता येतं ते फक्त फिरायला, नोकरीला नाही, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये इराणने ती व्हिसाची सूटही थांबवली. वाटेत भलत्याच देशात उतरवणारा एजंट असेल तर तिकीट फुकट गेलं तरी चालेल, जाऊ नका.

घरी एक कागद मात्र आजच करून ठेवा. त्यावर बोटीचं नाव, आयएमओ नंबर, कंपनीचा आणि एजंटचा रात्रीही लागणारा फोन, पासपोर्ट आणि सीडीसीचा (खलाशाच्या ओळखपुस्तकाचा) नंबर, रोजच्या गोळ्यांची नावं, डीजी शिपिंगच्या चोवीस तास चालणाऱ्या कॉमसेंटरचा नंबर, युनियनचा नंबर. कराराची एक प्रत त्याला जोडून. माझ्या भावाने गेल्या वेळी साइन ऑनच्या, म्हणजे बोटीवर रुजू व्हायच्या, आधी हे सगळं बसून लिहिलं, मामीनेही शेवटी कागद देवघराच्या फळीवर ठेवू दिला. जिवंत असल्याच्या पुराव्याचा प्रश्न तेवढा त्याने कागदावर लिहिला नाही. फेसबुकवर किंवा फोटोत कुठे सापडणार नाही असा प्रश्न पाहिजे, म्हणून तो आणि वहिनी दोघं मागच्या पडवीत बसून ठरवून आले. काय ठरवलं ते मला माहीत नाही, आणि मी विचारलंही नाही.